संत व्हायचं, तेही पीजीत राहून?

तुमच्या आयुष्यात अशी एक व्यक्ती असतेच. तिनं तुमचं काही वाईट केलेलं नसतं. ती फक्त इअरफोन न लावता रील्स बघते. पहाटे साडेपाचचा अलार्म लावते, सहा वेळा स्नूझ करते आणि सातला तुम्हालाच विचारते, "उठवलं का नाहीस गं?" फोनवर आईशी इतक्या मोठ्यानं बोलते, की त्यांच्या घरच्या म्हशीची तब्येत आता तुम्हालाही पाठ असते.

माझ्या बाबतीत ही व्यक्ती म्हणजे माझी रूममेट. पुण्यातल्या आमच्या पीजीत तिच्या आणि माझ्या बेडमध्ये एक प्लास्टिकची खुर्ची मावते, एवढंच अंतर. त्या खुर्चीवर दोघींचे वाळलेले कपडे पडलेले असतात आणि त्यांच्या घड्या कोणी घालायच्या यावरून आमचं शीतयुद्ध चालू असतं.

हेडिंग संतांचं आणि गोष्ट रूममेटची कशी काय, असं वाटलं ना? सांगते.

मी वसईची. आमचा समाज कुपारी, धर्मानं कॅथलिक ख्रिस्ती, घरात बोली कादोडी. इंटर्नशिपच्या दुसऱ्याच आठवड्यात सर म्हणाले, "तू कॅथलिक आहेस ना? मग त्या जीन्सवाल्या संतावर काहीतरी लिही. तुमच्या वयाच्या मुलांना आवडेल." मी मनात म्हटलं, सोप्पंय, दोन तासांत कॉपी देते. त्याला आता तीन आठवडे झाले.

त्या संताचा फोटो तुमच्याही फीडमध्ये येऊन गेला असेल. लाल पोलो टी-शर्ट, पाठीवर सॅक, दाट कुरळे केस. कार्लो अकुतीस. जन्म १९९१ चा, लंडनमधला. वाढला इटलीत, मिलान शहरात. ऑक्टोबर २००६ मध्ये ल्युकेमियानं गेला तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. कॉम्प्युटरचं वेड होतं, त्यातूनच त्यानं कॅथलिक परंपरेतल्या चमत्कारांची माहिती गोळा करून वेबसाइट केली होती. ७ सप्टेंबर २०२५ ला पोप लिओ चौदावे यांनी व्हॅटिकनमध्ये त्याला संत म्हणून जाहीर केलं. असिसी गावातल्या चर्चमध्ये काचेच्या मागे त्याचा देह ठेवलाय. अंगात जीन्स, पायात स्नीकर्स.

बातमीला एवढं बास आहे. त्याच्या केसांचे अवशेष म्हणून काहीतरी ऑनलाइन लिलावाला काढणारे महाभागही निघाले, असिसीच्या बिशपांना त्याविरुद्ध तक्रार करावी लागली. पण मी मात्र दुसऱ्याच गोष्टीत अडकले. कार्लोला व्हिडिओ गेम प्रचंड आवडायचे आणि त्यानं स्वतःला नियम घालून घेतला होता, आठवड्यातून एक तास. तसंच, ज्या मित्रांच्या आईवडिलांचा घटस्फोट चालला होता, त्यांना तो घरी बोलवायचा. बस. यात कॅमेऱ्यात पकडण्यासारखं काही नाही. मुलगा गेम बंद करून उठला, याचा फोटो कसा काढणार?

लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हाला जो संत शिकवला, तो फार वेगळा होता. गोन्सालो गार्सिया. आमच्या वसईचा पोरगा. आधी व्यापारी, मग फ्रान्सिस्कन संघातला ब्रदर. ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानमध्ये नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस जणांबरोबर त्याला क्रूसावर मारलं. १८६२ मध्ये तो संत झाला. वसईत त्याच्या नावानं कॉलेज आहे, बरेच जण तिथं शिकायला जातात. सात-आठ वर्षांची असताना ही गोष्ट ऐकून मी हिशेब केला होता, की आपल्याला कोणी जपानला नेणार नाही, म्हणजे आपण सुटलो. संत होणं हा इतर कोणाचा तरी विषय आहे.

हा हिशेब फक्त माझाच नव्हता. अनेक शतकं साध्या कॅथलिक माणसाची समजूत साधारण अशीच होती. संतपण म्हणजे फादर-सिस्टर लोकांचं काम, आपण आपलं रविवारी मिस्साला जायचं. शेवटी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ च्या आपल्या एका दस्तऐवजात अख्खं प्रकरण यावर लिहिलं. पवित्र होण्याचं बोलावणं प्रत्येकाला आहे, लग्न झालेल्यांना, कामगारांना, विधवांना, आजाऱ्यांना, सगळ्यांना, आणि आपापल्या जागी, आपापल्या कामात राहूनच. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या, पीजीत राहणाऱ्या इंटर्नलाही. पळवाट बंद.

आता माझी गोष्ट.

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आमचा उपवासकाळ असतो. त्या काळात काहीतरी सोडायचं अशी पद्धत आहे. कोणी मांस सोडतं, कोणी चहा, आमचे पपा सिगारेट सोडतात आणि ईस्टरला पुन्हा धरतात. यंदा मी इन्स्टाग्राम सोडलं. राखेच्या बुधवारी अ‍ॅप डिलीट केलं आणि अख्खे चाळीस दिवस एकदाही उघडलं नाही. मला स्वतःचा भयंकर अभिमान वाटत होता. चौघींना तरी ते सांगूनही झालं होतं.

त्याच चाळीस दिवसांत एका रात्री मी व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हॉइस नोट टाकली. आमच्या वर्गातल्या सात जणींचा ग्रुप आहे. रूममेट त्यात नाही, तिचं कॉलेज वेगळं. ती मराठवाड्यातल्या छोट्या गावातून आलेली. त्या नोटमध्ये मी तिची नक्कल केली होती. "काय करायलीस माय?" पासून सुरुवात करून म्हशीच्या चाऱ्यापर्यंत, दीड मिनिट. मला नक्कल चांगली जमते. सहा जणींचे हसून लोळणारे इमोजी आले. एकीनं लिहिलं, "रिपीटवर ऐकतेय."

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. कोणीतरी ती पुढे पाठवली, तिथून आणखी कोणीतरी. चार दिवसांनी ती तिच्यापर्यंत पोचली.

ती काही बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त रूममध्ये आईला फोन करणं बंद केलं. रात्री नऊ वाजले की ती मोबाइल घेऊन टेरेसवर जायची. पुण्यात मार्चमध्ये डास किती असतात ते तुम्हाला माहीत आहे.

रूम एकदम शांत झाली. मला जे हवं होतं, नेमकं तेच मिळालं.

यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट अजून सांगायचीय. अकरावीला मी वसईहून मुंबईच्या कॉलेजला गेले, तेव्हा माझ्या बोलण्याला हसले होते. कादोडीची वळणं तोंडात होती, ती लपवायला मला दीड वर्ष लागलं. आजही मी घरून फोन आला की आवाज खाली करून बोलते. म्हणजे ते काय असतं हे माहीत असूनही मी ते केलं. न कळता झालं, असं म्हणायची सोयच नाही.

पवित्र आठवड्यात मी कन्फेशनला गेले. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: फादरांसमोर बसून आपण जे केलं ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं. ते गुप्त राहतं, फादरांना ते कोणालाही सांगता येत नाही, काहीही झालं तरी. मी जाताना वाक्यं ठरवून गेले होते. इकडचं तिकडचं सांगून झाल्यावर म्हटलं, "आणि एका मुलीबद्दल थोडं बोलले." फादर म्हणाले, "थोडं म्हणजे काय?" मग सगळं सांगावं लागलं. शेवटी मी वकिली केली. म्हटलं, "पण फादर, मी खोटं काही बोलले नव्हते. ती तशीच बोलते."

कॅथलिक शिकवण इथं तुमची पळवाट पुन्हा बंद करते, हे मला त्या दिवशी कळलं. १९९२ च्या अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथात दोन वेगळे गुन्हे दिलेत. एखाद्याबद्दल खोटं पसरवणं हा एक. आणि दुसरा, एखाद्याचा दोष अगदी खरा असला, तरी काही रास्त कारण नसताना तो ज्यांना माहीत नाही त्यांना सांगणं. दुसऱ्या प्रकाराला आपण काय म्हणतो? टाइमपास. आणि दोन्हींत नुसती माफी मिळून भागत नाही, ज्याचं नाव घालवलं त्याचं झालेलं नुकसान होईल तेवढं भरून द्यायचं असतं. खरं तर बोलण्याची लकब हा दोषसुद्धा नव्हे, त्यामुळे माझी केस आणखीच पडेल होती.

फादरांनी एवढंच विचारलं, "तिची माफी मागितलीस?" मी म्हटलं, "नाही, देवाची मागायला आलेय." ते हसले. म्हणाले, "देव वाट बघेल. तिच्या परीक्षा झाल्या की ती गावाला जाईल."

त्यानंतर मी तेरेजा वाचायला घेतली. घरी आजीच्या कपाटात होतीच ती, ईस्टरला गेले तेव्हा उचलून आणली. लिज्यूची संत तेरेजा, फ्रान्समधली. मदर तेरेसांनी आपलं नाव जिच्यावरून घेतलं, ती. पंधराव्या वर्षी कॉन्व्हेंटमध्ये गेली, परत बाहेर आली नाही, १८९७ मध्ये टीबीनं गेली, वय चोवीस. गंमत बघा, कॅथलिक चर्चनं जगभरच्या मिशन कार्याचे दोन आश्रयदाते संत ठरवलेत. एक फ्रान्सिस झेवियर, जो गोव्यापासून जपानपर्यंत फिरला आणि ज्याचा देह जुन्या गोव्यात आहे. आणि दुसरी ही, जी कॉन्व्हेंटचं फाटक ओलांडून कुठं गेलीच नाही. ती आजारी असताना एका सिस्टरला प्रश्न पडला होता म्हणे, की ही गेल्यावर हिच्याबद्दल लिहायचं काय, हिनं तर काहीच केलेलं नाही.

तिनं काय केलं ते तिनं स्वतःच लिहून ठेवलंय, आणि ते वाचताना मी बेडवर उठून बसले. कारण ते सगळं रूममेट प्रकरण आहे! प्रार्थनेच्या वेळी मागे बसणारी एक सिस्टर सतत कसलातरी बारीक आवाज करायची. तेरेजाला तो सहन होईना. मागे वळून एक कटाक्ष टाकावा असं वाटायचं, ती घामानं भिजायची अक्षरशः. शेवटी तिनं ठरवलं, हा आवाजच संगीत समजून ऐकायचा, आणि त्या दिवसाची प्रार्थना म्हणून तेवढंच अर्पण केलं. कपडे धुताना समोरची सिस्टर दर वेळी घाण पाणी हिच्या तोंडावर उडवायची. हिनं तोंड पुसलं नाही. आणखी एक सिस्टर होती, जिचं सगळंच तेरेजाला खटकायचं. तिच्याशी ती इतकं हसून वागली, की त्या सिस्टरनं एकदा विचारलं, "माझ्यात तुला एवढं आवडतं तरी काय?"

तुमच्या मनात जे आलं तेच माझ्याही आलं. हे नाटक नाही का? मनात एक आणि तोंडावर एक? आपल्या पिढीला खोटं वागण्याची फार चीड आहे. निदान तसं आपण म्हणतो. पण तेरेजा प्रेम वाटत असल्याचा दावा करतच नाही. आवडत नाही हे ती सरळ लिहिते. कधीकधी समोर थांबलो तर तोंडातून काहीतरी निघेल, असं वाटलं की ती चक्क पळून जायची, रणांगणातून पळणाऱ्या शिपायासारखी, असंही तिनंच लिहिलंय. मला हे फार पटलं. तिच्यासाठी प्रेम म्हणजे काय वाटतं ते नव्हे, काय करायचं ठरवलं ते. आणि माझ्या व्हॉइस नोटमध्ये जे होतं ते शंभर टक्के खरं वाटलेलं होतं. त्या खरेपणानं कोणाचं भलं झालं?

तरीही घाणेरडं पाणी तोंडावर घेण्याचा भाग मी तुम्हाला जसाच्या तसा विकणार नाही. विशेषतः मुलींना. 'सहन कर, पुण्य लागेल' हे वाक्य आपल्या आयांना, आज्यांना सगळ्याच धर्मांच्या नावानं पुरेसं ऐकवून झालंय. कोणी त्रास देत असेल, हात टाकत असेल, तर ती पवित्र व्हायची संधी नाही, तक्रार करायची वेळ आहे. पण रील्सचा आवाज म्हणजे छळ नव्हे. तिथं "अगं, इअरफोन लाव ना" असं तोंडावर सांगणं हा साधा रस्ता होता. तो मी सहा महिन्यांत एकदाही घेतला नाही. सहा महिने गोड हसले आणि मग ग्रुपवर ओकले. तेरेजाच्या हसण्यात आणि माझ्या हसण्यात फरक आहे तो इथं.

पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मध्ये पवित्रतेवरच एक पत्र काढलं होतं. त्यात ते शेजारच्या दारातल्या संतांबद्दल बोलतात. एक साधं उदाहरणही देतात: एक बाई बाजारात जाते, ओळखीची भेटते, गप्पा सुरू होतात, आणि त्या गप्पा कोणाच्या तरी चहाडीकडे वळतात. ती बाई मनात म्हणते, नाही, मी कोणाबद्दल वाईट बोलणार नाही. झालं, हे एक पाऊल. मग घरी येते, दमलेली असते, तरी मुलाचं ऐकत बसते. दुसरं पाऊल. वाचायला किती फालतू वाटतं! पण तुम्ही एकदा करून बघा. ग्रुपवर सगळे कोणाची तरी घेतायत, तुमच्याकडे तर एक नंबर किस्सा आहे, आणि तुम्ही फोन उलटा ठेवता. मी गेल्या आठवड्यात केलं. दहा मिनिटं हाताला खाज सुटल्यासारखं होत होतं.

मला या सगळ्यात उपयोगी पडलेली एक गोष्ट पाचशे वर्षं जुनी आहे. लोयोलाचा इग्नेशियस, आधी सैनिक, मग जेझुइट संघाचा संस्थापक. त्यानं दिवस तपासायची एक रीत घालून दिली. झोपायच्या आधी पंधरा मिनिटं. आधी आजच्या चांगल्या गोष्टींबद्दल देवाचे आभार, मग सकाळपासूनचा दिवस तासातासानं डोळ्यांसमोरून न्यायचा, कुठं घसरलो ते बघायचं, खंत वाटली तर वाटू द्यायची, आणि उद्याचा विचार करून झोपायचं. देव मानत नसाल तरी मधला भाग करता येतो, पण मी तसं प्रॉडक्टिव्हिटी हॅक म्हणून ते सांगत नाहीये. माझ्यासाठी समोर कोणीतरी ऐकतंय हे असल्याशिवाय मी स्वतःशी इतकी खरी बोलत नाही. पाचातल्या तीन रात्री मला मध्येच झोप लागते. उरलेल्या दोन रात्रींत जे दिसतं तेच खूप होतं.

आणि ज्या दिवशी कार्लो संत झाला, त्याच दिवशी दुसरा एक मुलगाही झाला होता, त्याच्याबद्दल कोणी फारसं लिहिलंच नाही. पिएर जॉर्जो फ्रासाती. तुरीनचा. मायनिंग इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, अभ्यासात यथातथा, शाळेत लॅटिनमध्ये नापास झालेला. वडील 'ला स्ताम्पा' या मोठ्या दैनिकाचे मालक, पुढे जर्मनीत इटलीचे राजदूत. हा डोंगर चढायचा, मित्रांची टोकाची मस्करी करायचा, आणि त्यांच्या टोळक्याचं नाव होतं 'संशयित इसम' अशा अर्थाचं काहीतरी. जुलै १९२५ मध्ये पोलिओनं गेला, चोवीस वर्षांचा. डिग्री राहूनच गेली. त्याच दिवसांत घरात आजी वारली होती, त्यामुळे हा मरायला टेकलाय हे घरच्यांच्या उशिरा लक्षात आलं. मरणाच्या आदल्या दिवशी लकवा भरलेल्या हातानं त्यानं एक चिठ्ठी खरडली, एका गरीब आजाऱ्याची इंजेक्शनं पोचवायची राहिलीत म्हणून. अंत्ययात्रेला शहरातले हजारो गरीब रस्त्यावर उभे राहिले. घरच्यांना ते कोण आहेत हेच माहीत नव्हतं. पोरगं वर्षानुवर्षं त्यांच्याकडे जात होतं आणि घरी बोललंच नव्हतं.

मी इन्स्टाग्राम सोडलं तर चौघींना सांगितलं होतं.

ईस्टरनंतर वसईहून येताना मी राजेळीची सुकेळी आणली. ज्यांनी खाल्ली नाहीत त्यांच्यासाठी: केळी सोलून उन्हात वाळवतात, मधासारखी लागतात, महाग असतात. पुडा तिच्या बेडवर ठेवला आणि म्हटलं, "ती व्हॉइस नोट मी केली होती. चूक होती. सॉरी." पाठ केलेलं लांबलचक भाषण होतं, पण एवढंच निघालं. ती म्हणाली, "माहितीय. तुझाच आवाज होता की." आणि कपड्यांच्या घड्या घालत राहिली. माझ्यासुद्धा. मग मी त्या सात जणींच्या ग्रुपवर लिहिलं, की ते मी करायला नको होतं, कोणाकडे असेल तर डिलीट करा. दोघींनी अंगठा दाखवला. एकीनं विचारलं, "एवढं काय सीरियस होतेस?" बाकीच्यांच्या फोनमध्ये ती अजून असेल. नुकसान भरून देणं म्हणजे काय, याचा अंदाज मला तेव्हा आला. ते भरून होत नाही.

सुकेळी संपली. फोन मात्र टेरेसवरूनच चालू राहिले. मी हा लेख लिहायला बसायचे आणि नऊ वाजता दार वाजायचं, ती वर जायची, माझी कॉपी तिथंच थांबायची.

परवा ती खाली आली तेव्हा मी विचारलं, "म्हैस कशी आहे गं?" ती दोन सेकंद माझ्याकडे बघत राहिली, मी पुन्हा चेष्टा करतेय का ते तपासत असावी. मग म्हणाली, "व्याली. वगार झाली." वगार म्हणजे काय ते मला विचारावं लागलं. म्हशीचं मादी पिल्लू. मायनं पाठवलेला फोटो तिनं दाखवला. काळंभोर, ओलं, उभं राहायच्या प्रयत्नात.

मग तिनं रील लावली. इअरफोन न लावता. मी म्हटलं, "इअरफोन लाव की." ती म्हणाली, "लावायले की, थांब जरा," आणि उशीखाली शोधू लागली.